चिकनगुनियाचा ताप उतरला तरी आई उठेना, तेव्हा घरी काय काय करायचं

ताप चौथ्या दिवशी उतरला आणि आम्ही हुश्श केलं. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, आराम करू द्या, होईल बरं. मग दहाव्या दिवशी सकाळी बाथरूममधून आईची हाक आली, जाऊन बघते तर ती कमोडवर बसलेली आणि तिला उठताच येईना. पडली नव्हती, चक्कर नव्हती, नुसतं उठता येत नव्हतं. ७३ वर्षांची बाई, महिन्याभरापूर्वी मंडईतून दोन पिशव्या भाजी स्वतः उचलून आणणारी. त्याच दिवशी लक्षात आलं की तिला साडीची पिन लावता येत नाहीये, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतेय आणि टूथपेस्टची ट्यूब दाबता येईना म्हणून दोन दिवस मीठ लावून दात घासतेय, आणि हे काही आम्हाला सांगितलेलं नाही.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पण वर्षभर हेच केलंय, दोन चांगले डॉक्टर आणि एक फिजिओ (व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट) यांचं डोकं खाऊन जे कळलं आणि घरात जे खरंच उपयोगी पडलं ते लिहितेय. औषधाचं काहीही असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

आपल्याकडं हा आजार नवा नाही. १९७३ साली बार्शीत साथ आली होती, मग तीसेक वर्षं गायब झाला, आणि २००५-०६ ला परत आला तेव्हा देशभरात १३ लाखांच्या वर संशयित पेशंट नोंदले गेले. म्हणून प्रत्येक घरात एक तरी काकू असतात ज्यांचं वाक्य "चिकनगुनिया झाल्यापासून ना" असं सुरू होतं आणि आपण ते मनावर घेत नाही. घ्यायला पाहिजे. पहिले तीनेक आठवडे हे सरळ आजारपण, तिथून तीन महिन्यांपर्यंत दुखणं रेंगाळणं कॉमन आहे, आणि तीन महिन्यांच्या पुढं गेलं की डॉक्टर त्याला क्रॉनिक, म्हणजे जुनाट म्हणतात. तरुण माणसं बहुतेक निभावून नेतात, पण वय झालेलं असेल, आधीच गुडघे गेलेले असतील, शुगर असेल, तर ते महिनोन्महिने, कधी वर्षाच्या वरही चालतं.

दुखणं वेगळं आणि अशक्तपणा वेगळा

आमची सगळ्यात मोठी चूक इथं झाली. आम्हाला वाटलं सांधे दुखतात म्हणून ती उठत नाही, दुखणं थांबलं की उठेल. खरं तर दोन गोष्टी एकत्र चालू होत्या. व्हायरसमुळं मनगटं, बोटं, घोटे, गुडघे सुजलेले होते, हे एक. आणि दहा दिवस पलंगावर पडून मांड्यांमधला स्नायूच उतरला होता, हे दुसरं, आणि ते दुसरं आम्ही आमच्या हातानं केलं होतं, "आई तू पडून राहा, पाणी मी आणते" असं म्हणून म्हणून.

अमेरिकेतला एक अभ्यास २००७ मध्ये छापून आला होता, तो फिजिओनं सांगितला. धडधाकट, काही आजार नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना फक्त दहा दिवस बेडवर झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांमधला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. ताप नाही, दुखणं नाही, जेवण नीट, तरीही. मग ताप आलेल्या, न जेवणाऱ्या माणसाचं काय होत असेल विचार करा. तरुणाचा स्नायू गेला तर लवकर परत येतो, सत्तरीत तो आपोआप येत नाही, त्याला आणावा लागतो.

म्हणून ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, दुखत असलं तरी, पलंगावरून खुर्चीत आणायचं. जेवण खुर्चीत, चहा खुर्चीत, टीव्ही खुर्चीत. पलंग फक्त झोपायला. हे एवढं पहिल्या आठवड्यात केलं असतं तर आमचे पुढचे चार महिने वाचले असते असं मला अजून वाटतं.

आधी मोजा, अंदाजावर राहू नका

रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. एक साधी टेस्ट आहे. भिंतीला टेकवून ठेवलेली हात नसलेली खुर्ची, हात छातीवर बांधायचे आणि पाच वेळा पूर्ण उठून पूर्ण बसायचं, मोबाईलवर टायमर. शेजारी एक माणूस उभा पाहिजे, हे एकटं करायचं नाही. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये जे निकष ठरवले त्यात १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंची ताकद किंवा चाल कमी झालीय असं धरतात. आईला पहिल्यांदा हात न टेकता एकदाही उठता आलं नाही. मग हातांची खुर्ची घेऊन मोजलं, ३१ सेकंद. ते कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं, दुधाच्या हिशेबाच्या बाजूला, आणि दर रविवारी लिहीत गेलो.

दुसरं म्हणजे पोटरी. शिंप्याची टेप घ्या, पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर गुंडाळा, घट्ट न ओढता. बाईची ३३ सेंटीमीटरच्या खाली आणि पुरुषाची ३४ च्या खाली असेल तर स्नायू कमी झालाय का ते नीट तपासून घ्यायची वेळ आली. पायाला सूज असेल तर हे माप फसवं येतं, आईचे घोटे सुजलेले तेव्हा आम्हाला वाटलं वा पोटरी चांगली आहे.

आणि वजन. दर आठवड्याला, त्याच काट्यावर, सकाळी. डॉक्टर लोक ज्याला फ्रेल होणं, म्हणजे शरीर खचून नाजूक होणं म्हणतात त्याच्या पाच खुणा आहेत, २००१ पासून त्या वापरतात : वजन आपोआप उतरणं, सतत थकवा, हाताची पकड ढिली होणं, चाल मंदावणं, आणि दिवसभराची हालचाल कमी होणं. तीन किंवा जास्त असतील तर माणूस फ्रेल, एक-दोन असतील तर त्या वाटेवर. आईच्या पाचही होत्या आणि आम्ही म्हणत होतो वयच झालंय आता. हे वाक्य घरात बॅन करा. वय एका महिन्यात दहा वर्षांनी वाढत नाही.

गोळ्यांचं

पहिली गोष्ट, डेंगू नाही हे नक्की होईपर्यंत कॉम्बिफ्लाम टाईप (आयबुप्रोफेन असलेल्या) दुखण्याच्या गोळ्या घरच्या घरी द्यायच्या नाहीत, डेंगूत रक्तस्राव होऊ शकतो. तोपर्यंत पॅरासिटामॉल, तेही दिवसाला किती ते वजन आणि लिव्हर बघून डॉक्टरांना ठरवू दे. डेंगू नाही कळल्यावरही आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही मंडळी म्हाताऱ्या माणसाला जड जातात, किडनीवर ताण, पोटात अल्सर, बीपी वाढतं, आणि बीपीच्या काही गोळ्या आणि पाणी कमी पिणं यांच्या जोडीला आली तर किडनी अचानक बसते. मेडिकलवाल्यानं दिली म्हणून पंधरा पंधरा दिवस चालू ठेवतात लोक, असं करू नका.

दुसरी गोष्ट पुड्यांची. आमच्या नात्यातल्या एका काकांना कुणीतरी बिनलेबलच्या पुड्या दिल्या होत्या, तीन दिवसात काका चालायला लागले, सगळे खूश, महिन्यानं शुगर ४०० आणि तोंड सुजलेलं. बहुतेक स्टिरॉइड होतं. स्टिरॉइड वाईटच असं नाही, डॉक्टर कधी कधी थोड्या दिवसांसाठी मोजून देतात, पण काय देतायत ते कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे. आणि बरेच दिवस घेतल्यावर एकदम बंदही करायचं नाही, ते हळूहळू उतरवावं लागतं, नाहीतर बीपी पडून माणूस कोसळतो. जादूसारखा गुण आला की आधी शंका घ्या.

तिसरी, आणि ही लक्षात ठेवाच. सांधे तीन महिन्यांनंतरही सुजलेले राहिले, किंवा त्याआधीही रोज सकाळी तास-तासभर हात आखडलेला राहात असेल, तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडं, म्हणजे सांध्यांच्या सुजेच्या आजारांच्या डॉक्टरकडं जा, साध्या हाडांच्या डॉक्टरकडं चकरा मारत बसू नका. ते कधी मेथोट्रेक्सेट नावाची सांध्यांची सूज दाबणारी गोळी देतात. ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, रोज नाही. रोज घेतली तर रक्तातल्या पेशी पडतात, जीव जाऊ शकतो, आणि घरातल्या डब्यात रोजच्या गोळ्यांत ती मिसळून असं झालेलं आहे. आम्ही आईचा वार सोमवार ठरवला आणि त्या गोळीची स्ट्रिप वेगळ्या स्टीलच्या डबीत, डबी माझ्या कपाटात.

शुगरच्या गोळ्यांचंही बघा. आई अर्धी पोळी खात होती आणि शुगरची गोळी मात्र पूर्वीचीच, एक दिवस दुपारी घाम फुटला, बरळायला लागली, शुगर मोजली तर ५४, म्हणजे फारच खाली. जेवण कमी झालं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून डोस विचारायचा. बीपीच्या गोळीचंही तेच, आडवं असताना बीपी मोजा, उभं केल्यावर एक आणि तीन मिनिटांनी परत मोजा, वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं पडत असेल तर डॉक्टरांना सांगा.

काढे, गुळवेल वगैरे शेजारून येतंच. गुळवेलीनंतर लिव्हर बिघडल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्या होत्या, त्यावर वादही झाले, मी वादात पडत नाही, मी पिशवी घेतली, थँक्यू म्हटलं आणि ठेवून दिली.

पेजेवर किती दिवस ठेवणार

आजारी माणसाला पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर. दोन दिवस ठीक. आम्ही तीन आठवडे तेच दिलं कारण तिला चावत नव्हतं आणि ते "हलकं" होतं. हलकंच होतं, त्यात स्नायूला लागणारं काही नव्हतंच.

आजारातून उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला किलोमागं साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं असं सांगतात. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा वेगळा, तिथं डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका. आई तेव्हा ५५ किलो, म्हणजे रोज ६६ ग्रॅमच्या आसपास. चहा-खारी, भात-आमटीचं पाणी, परत चहा, यात वीसही होत नव्हतं. मग असा जम बसवला : सकाळी दोन अंडी, १२ ग्रॅम. दोन वेळा कपभर दूध किंवा दही, बाराएक. घट्ट वरण दोन वाट्या, दिवसाला बाराएक, पाणी नाही, घट्ट. संध्याकाळी वाटीभर पिठलं, सातआठ. मूठभर दाण्याचं कूट कशात ना कशात ढकलायचं, कोशिंबिरीत, भाजीत, ताकात नको तिला आवडत नाही, ते सात. पन्नास ग्रॅम पनीर कुस्करून पोळीच्या सारणात, नऊ. पोळी-भाकरीचं थोडं येतंच. सगळं रात्रीच्या जेवणात कोंबायचं नाही, तीन वेळेला वाटून.

आता अंडी आणि चिकनचं. आईनं साफ नकार दिला, म्हणे नावातच चिकन आहे, कोंबडीनंच होतो हा. २००६ च्या साथीत ही अफवा गावोगाव होती आणि ती अजून मेलेली नाही. कोंबडीचा काही संबंध नाही हो. नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतलं आहे, १९५२ मध्ये आत्ताच्या टांझानियात हा ताप पहिल्यांदा ओळखला गेला आणि दुखण्यानं वाकून चालणाऱ्या माणसावरून तो शब्द आला. पसरवतो डास. हे आईला मी तीनदा सांगितलं, पटलं नाही, मग तिच्या भावानं फोनवर एकदा सांगितलं आणि पटलं. असो. अंडं खायला लागली.

अजून एक, जे कुणी सांगत नाही. वजन उतरलं की कवळी सैल होते. आई जेवत नव्हती कारण भाकरी चावताना कवळी हलून हिरडी सोलत होती, आणि आम्ही भूक वाढायचं टॉनिक आणत होतो. तोंड उघडून बघा एकदा. आणि व्हिटॅमिन बी-१२ आणि डी तपासून घ्या, शाकाहारी असतील किंवा शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी निघायची शक्यता बरीच.

हलवायचं कसं

सकाळी उठल्या उठल्या नाही. तेव्हा सांधे सगळ्यात आखडलेले असतात. आधी टबात सोसवेल एवढं गरम पाणी, त्यात हात बुडवून मूठ मिटायची-उघडायची दहा वेळा, मनगट गोल फिरवायचं. ज्या सांध्याला लाल सूज आहे, हात लावला तर गरम लागतो, त्याला शेक नाही, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं आणि त्या दिवशी त्या सांध्याला सुट्टी. एका सांध्याला सुट्टी, पूर्ण माणसाला नाही.

मग अकराच्या सुमारास खरा व्यायाम. खुर्चीतून उठणं-बसणं हाच मुख्य. उठता येत नसेल तर खुर्चीवर दोन जाड गाद्या टाकून उंची वाढवा, तिथून उठता आलं की आठवड्यानं एक गादी काढा. आईला हे गाद्या काढणं फार आवडलं, परीक्षा पास झाल्यासारखं. दिवसातून तीन वेळा पाच-पाच. दुसरं, ओट्याला धरून टाचा उचलायच्या, कुकरची एक शिट्टी होईपर्यंत. तिसरं, पॅसेजमध्ये चालणं, आधी पलंगापासून देवघरापर्यंत, मग दारापर्यंत, मग जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत.

किती करायचं याचा नियम फिजिओनं दिला तो असा की व्यायामानंतर दोन तासांनी दुखणं आधीपेक्षा जास्त असेल तर उद्या निम्मं करायचं, बंद करायचं नाही. पण एक अपवाद आहे. काही माणसांना व्हायरलनंतर, कोविडनंतर तर बऱ्याच जणांना, असा थकवा येतो की आज थोडं जास्त केलं की उद्या-परवा पार आडवी होतात, अंग जड, डोकं चालत नाही. तसं होत असेल तर जोर लावून व्यायाम वाढवायचा नाही, कामाचे तुकडे करायचे, दमायच्या आधी बसायचं, आणि डॉक्टरांशी बोलायचं. आईला एकदाच असं झालं, गणपतीत पाहुणे आले तेव्हा ती दिवसभर उभी राहिली होती, मग तीन दिवस पलंग.

आणि घरातलं काम काढून घेऊ नका. आमची वहिनी जीव लावणारी आहे, "आई, तुम्ही बसा, मी करते" म्हणून तिनं लसूण सोलण्यापासून सगळं काढून घेतलं होतं. फिजिओ म्हणाली लसूण परत द्या. मटार सोलणं, मेथी निवडणं, आणि नंतर कणीक, आधी मऊ भिजवलेली एका पोळीची. बोटांना रबरी बॉल देण्यापेक्षा हे बरं, कारण बॉल ती सोफ्याखाली टाकून द्यायची.

पडू द्यायचं नाही

रात्री दोनला बाथरूमला जाताना माणसं पडतात. पलंगापासून बाथरूमपर्यंत छोटे दिवे, मोरीच्या कडाप्प्यावर रबरी मॅट, कमोडशेजारी भिंतीत स्क्रूनं बसवलेला हँडल, चिकटवायचा व्हॅक्यूमवाला नको तो निघतो. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची मेडिकल सामानाच्या दुकानात मिळते. पायपुसणी सगळी उचला, आणि गाऊन घोट्याच्या वर आखूड करून घ्या. उठताना आधी पलंगाच्या कडेला बसून शंभर आकडे मोजायचे, मग उभं. आई शंभर आकड्यांऐवजी रामरक्षेचे पहिले काही श्लोक म्हणते, चालतं.

चिडचिड होणार, झोप जाणार, "मी आता ओझं झाले" ऐकावं लागणार. ते चारपाच आठवडे रोजच चालू राहिलं तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे. पण अचानक, एका दिवसात, माणूस गोंधळला, घर ओळखेना, दिवसभर झोपेत, तर ते डिप्रेशन किंवा म्हातारचळ समजू नका, सरळ हॉस्पिटल. तसंच दम लागणं, छातीत दुखणं, लघवी एकदम कमी होणं, काळी शी, पडून डोक्याला मार, ताप परत चढणं, यातलं काहीही असेल तर उद्यावर ढकलायचं नाही.

आईचा कालनिर्णयवरचा उठ-बशीचा आकडा दिवाळीत १९ सेकंद होता, हातांच्या खुर्चीत. संक्रांतीला हात न टेकता १६. आता १३ वर अडकलाय दोन महिने, आणि लोणच्याची बरणी अजून उघडत नाही.

शेवटचं डासांचं. चिकनगुनिया एकदा झाला की सहसा परत होत नाही म्हणून लोक निवांत होतात, पण तोच एडिस डास डेंगू पण आणतो आणि या अवस्थेत डेंगू परवडणारा नाही. हा दिवसा चावतो, म्हणून मच्छरदाणी दुपारच्या झोपेला पण लावा. साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओता आणि भांडं घासा, नुसतं ओतून अंडी जात नाहीत. कुंड्यांच्या ताटल्या, कूलर, गच्चीवरचा टायर हे सगळे बघतात. फ्रिजच्या मागचा ट्रे बघा. आमच्याकडं अळ्या तिथं सापडल्या, तोपर्यंत आम्ही महिनाभर शेजारच्या बांधकामाला शिव्या घालत होतो.